मोनॅको: एका गवंड्याच्या घराण्यानं बांधलेलं शहर?

शिंपला

जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नीसला होते, तेव्हा एक दिवस आगगाडीनं मोनॅकोला गेले. संध्याकाळी लार्वोटोच्या किनाऱ्यावर बसले होते. साडेसहाच्या सुमारास अंगावरचं ऊन अचानक गेलं. ढग आला म्हणून वर पाहिलं तर आभाळ लख्ख होतं. मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, सावली इमारतींची होती. अव्हेन्यू प्रिन्सेस ग्रास या रस्त्यावर ओळीनं उभ्या असलेल्या इमारतींची सावली वाळू ओलांडून पाण्यापर्यंत पोचली होती. शेजारी एक आजी चटई गुंडाळत होत्या. त्यांना विचारलं, या कोणाच्या? त्यांनी रस्त्याच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला आणि एकच शब्द म्हणाल्या, "पास्तोर."

घरी आल्यावर जमेल तेवढं वाचून काढलं. जाँ-बातिस्त पास्तोर हा इटलीच्या लिगुरिया भागातला गवंडी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कामाच्या शोधात मोनॅकोत आला. पुढे घराण्याची बांधकाम कंपनी झाली आणि १९३९ साली उघडलेलं पहिलं लुई दुसरा स्टेडियम तिनं बांधलं. मुलगा जिल्दो (१९१०–१९९०) यानं समुद्राकडेच्या जमिनी घेऊन ठेवल्या, तेही त्यांना फारशी किंमत नव्हती तेव्हा. साठच्या दशकात उंच इमारतींना वाट मोकळी झाल्यावर त्यानं तिथे इमारतींची रांगच उभी केली. त्याच्या मागे व्हिक्तोर, एलेन आणि मिशेल या तीन मुलांत मालमत्ता वाटली गेली. आता नातवंडं कारभार बघतात.

अख्खा देश जेमतेम २ चौरस किलोमीटरचा, म्हणजे खरं तर एक शहरच. त्यात एका घराण्याच्या हजारो सदनिका. मला वाटतं, या शहराचा चेहरा राजघराण्यापेक्षा या गवंड्याच्या घराण्यानं जास्त ठरवला. तुम्हाला काय वाटतं? आणि असं झालेलं बरं की वाईट?

नकाशे

विषय आवडला, मत पटलं नाही. चेहरा ठरवला तो रेल्वेनं.

मोनॅकोत रेल्वे १८६८ साली आली आणि रूळ किनाऱ्यालगत टाकले गेले. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये लोखंडी कुंपणच पडलं म्हणा. राजे रेनिए तिसरे १९४९ साली गादीवर आले. त्यांच्या काळात, १९६४ साली, माँटे कार्लो या भागाखालची ही लाइन बोगद्यात गेली आणि किनाऱ्याची पट्टी मोकळी झाली. बोगद्यातून निघालेला दगडमातीचा भराव लार्वोटोच्या किनाऱ्यासाठीच वापरला. तुम्ही ज्या वाळूवर बसला होता तिच्याखाली बोगद्यातला डोंगर आहे! रूळ हलले नसते तर जिल्दो पास्तोर यांच्या जमिनीसमोरून आजही गाड्या धडधडत गेल्या असत्या.

उरलेला मार्गही १९९९ साली भूमिगत झाला आणि स्थानक डोंगराच्या पोटात गेलं. त्यानं आणखी जमीन सुटली.

गच्चीवरून

नकाशे, रूळ हलवायचा निर्णय राजाचा होता हे मान्य. पण मोकळ्या झालेल्या जागेच्या शेजारी आधीपासून जमीन धरून बसायला नजर लागते. ती नजर गवंड्याच्या पोराकडे होती.

आडवाटेची

नजर होती, पण ती सौंदर्याची होती का? जुन्या मोनॅकोची छायाचित्रं पाहा. कॅसिनो १८६३ चं. शार्ल गार्निए यांनी बांधलेलं ऑपेरागृह १८७९ चं. आजूबाजूला बागा असलेले बंगले, गच्च्यांवर मातीच्या कुंड्या, उतारावर लिंबांची झाडं. त्यातले किती उरले? ज्या घराण्याचं पोट बांधण्यावर चालतं, त्याला प्रत्येक बंगला म्हणजे अजून न झालेली इमारतच दिसणार. १९३२ चं स्पोर्टिंग द'इव्हेर ही जुनी इमारत. ते २०१५ साली पाडलं, तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. मी ते आतून पाहिलं होतं. पायऱ्यांचा कठडा हाताला गार लागायचा आणि वळणावर थोडा झिजलेला होता. शेकडो माणसांचे हात फिरून आलेली ती झीज होती. ती नव्यानं बांधता येत नाही.

हिशेबनीस

आडवाटेची, दुःख समजतं, पण ते खातं पास्तोर घराण्याच्या नावावर टाकू नका. स्पोर्टिंग द'इव्हेर पाडून त्या जागी वन माँटे-कार्लो उभारलं ते कॅसिनो चालवणाऱ्या सोसिएते दे बाँ द मेर या कंपनीनं. आराखडा लंडनच्या रॉजर्स स्टर्क हार्बर यांचा. जुनं पाडायची भूक सगळ्यांनाच होती.

आडवाटेची

दुरुस्ती मान्य. म्हणणं तेच राहतं.

हिशेबनीस

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी बोललेलं नाही. जिल्दो पास्तोर यांनी इमारती बांधून विकल्या नाहीत, मुख्यतः भाड्यानं दिल्या.

हे साधं वाटेल, पण मोनॅकोत भाडेकरार म्हणजे नुसतं डोक्यावर छप्पर नाही. तिथे १८६९ पासून रहिवाशांना आयकर नाही (फ्रेंच नागरिकांना मात्र १९६३ च्या करारामुळे ही सवलत मिळत नाही). त्यामुळे जगभरच्या पैसेवाल्यांना तिथलं रहिवासी कार्ड हवं असतं, आणि कार्ड हवं तर आधी तिथे राहायला जागा आहे हे दाखवावं लागतं, स्वतःची किंवा भाड्याची. म्हणजे देशात शिरायच्या दाराची एक किल्ली सरकारकडे आणि दुसरी घरमालकाकडे. ज्याच्याकडे हजारो सदनिका, त्याच्या जुडग्यात हजारो किल्ल्या.

आज जुन्या सदनिकेचा सरासरी दर चौरस मीटरला ५० हजार युरोच्या वर आहे. जो विकतो त्याला एकदा पैसे मिळतात. जो धरून ठेवतो त्याला दरमहा मिळतात, आणि जमीन घरातच राहते. गवंड्याचं पोर गडगंज श्रीमंत झालं ते बांधकामावर नव्हे, न विकण्यावर.

पडवी

"न विकण्यावर." वा. हा प्रतिसाद जपून ठेवला.

काळापत्थर

मी सिव्हिलवाला, पाया आणि खोदकामातला. मोनॅकोत काम केलेलं नाही, पण अशा उताराच्या जागी केलंय, म्हणून थोडं लिहितो.

लोकांना इमारत वर किती गेली ते दिसतं. आम्हाला खड्डा दिसतो. डोंगराच्या उतारावर, तिन्ही बाजूंना भरलेल्या इमारती असताना खोदायचं म्हणजे आधी आधारभिंत, मग खडकात तिरपे नांगर, म्हणजे लांब पोलादी सळया, ठोकून ती भिंत मागे ओढून धरायची आणि मगच एकेक टप्पा खाली जायचं. पाणी कुठून झिरपतंय, खडक कुठे पक्का आणि कुठे भुसभुशीत, शेजारच्याचा पाया किती खोल, हे माहीत नसेल तर दहा दिवसांच्या कामाला तीन महिने लागतात. नकाशात हे सगळं नसतं. ज्या मुकादमानं वीस वर्षांपूर्वी शेजारचा खड्डा खोदला त्याच्या डोक्यात ते असतं.

म्हणून छोट्या जागेत एकाच घराण्याची कंपनी चार पिढ्या टिकली याचं मला नवल वाटत नाही. त्यांनी तिथली जमीन आतून पाहिलेली आहे. बाहेरून येणाऱ्या मोठ्या कंपनीला ती माहिती विकत घ्यावी लागते, आणि ती बाजारात मिळत नाही.

आणखी एक. आत्ताचं लुई दुसरा स्टेडियम, फाँतव्हिएय या भागातलं, १९८५ चं, पाहिलंय का कोणी? मैदानाच्या खाली वाहनतळ आहे. खेळाडू हिरवळीवर धावतात आणि त्यांच्या पायाखाली मोटारी उभ्या असतात. शिवाय ते सगळं समुद्रात टाकलेल्या भरावावर. कुठल्याही इंजिनिअरनं टोपी काढावी असं काम आहे.

शिंपला

काळापत्थर, मनापासून आभार. स्टेडियम बाहेरून पाहिलं होतं, खाली काय आहे ते आत्ता कळलं. फाँतव्हिएयमध्येच जिल्दो पास्तोर सेंटर नावाची कचेऱ्यांची इमारत आहे, तिच्यासमोरून चालत गेले होते. गवंड्याच्या पोराचं नाव दर्शनी भिंतीवर.

नकाशे

बघा, परत राजाच आला. फाँतव्हिएयची २२ हेक्टर जमीन रेनिए यांनीच समुद्रातून काढली. देश तेव्हा जेवढा होता त्यात एवढी भर म्हणजे थोडी नव्हे. १८६१ साली मेंतों आणि रोकब्रून ही शेजारची गावं फ्रान्सकडे गेली आणि मोनॅकोची सुमारे ९५ टक्के जमीन गेली. पुढच्या सगळ्या बांधकामाचं मूळ त्या एका तोट्यात आहे. जमिनीवर सरकता येत नाही, मग वर, खाली किंवा समुद्रात. बांधणारं घराणं पास्तोर नसतं तर दुसरं कुठलं असतं.

गच्चीवरून

दुसरंही आहेच की. तूर ओदेऑं हा १७० मीटरचा मनोरा २०१५ साली पुरा झाला, तो मार्झोक्को या घराण्याच्या समूहानं बांधला. तेही मूळचे इटलीचेच. आल्प्सच्या पलीकडून गवंडी यायचे आणि अलीकडे घराणी व्हायची.

मृगजळ

या घराण्यात खून झाला होता ना? त्यावर मालिका निघेल.

शिंपला

मृगजळ, हो, आणि त्यावर चघळत बसू नये अशी विनंती. मे २०१४ मध्ये नीसला रुग्णालयाबाहेर एलेन पास्तोर आणि त्यांचे चालक यांच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगा आजारी होता, त्याला भेटून त्या परतत होत्या. पुढे दोघांचाही मृत्यू झाला. त्यांच्या मुलीच्या जोडीदाराला २०१८ साली जन्मठेप झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०१४ च्या, धाकटे भाऊ मिशेलही गेले होते. व्हिक्तोर २००२ सालीच गेलेले. जिल्दो यांच्या तिन्ही मुलांची पिढी अशी संपली. चालक पोटासाठी नोकरी करत होता, त्याच्याबद्दल मात्र कोणी फार लिहीत नाही. एवढंच.

मृगजळ

चुकलं माझं. मनापासून सॉरी.

दूरदेशी

मी बोसोलेयमध्ये सहा वर्षं राहिले आणि रोज मोनॅकोत कामाला जायचे, म्हणून लिहिण्याचा थोडा हक्क आहे असं समजते.

बोसोलेय फ्रान्समध्ये, मोनॅकोच्या डोक्यावर. हद्द म्हणजे काय, तर एक रस्ता. एका बाजूच्या पाटीवर बुलव्हार द फ्रान्स, म्हणजे मोनॅको. समोरच्या बाजूला तोच रस्ता बुलव्हार द्यु जेनेराल लक्लेर, म्हणजे फ्रान्स. पाव आणायला मी फ्रान्समधून निघून देश ओलांडून परत यायचे. मोनॅकोत रोज ५० हजारांहून जास्त लोक बाहेरून कामाला येतात, त्यातली मी एक.

माझ्या वरच्या मजल्यावर एक पोर्तुगीज गवंडीकाका राहायचे. बोसोलेयमध्ये पोर्तुगीज वस्ती मोठी आहे. त्यांची गच्ची थेट मोनॅकोवर उघडायची. रविवारी ते खुर्ची टाकून बसायचे आणि बोट दाखवून सांगायचे, त्या इमारतीचा अकरावा मजला आमच्या टोळीचा, त्या कोपऱ्यातल्या जिन्याची सेंटरिंग मी केली, तो कठडा दोनदा तोडून पुन्हा केला. मालकाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. शिंपलाताई, तुमच्या आजींनी हात फिरवून "पास्तोर" म्हटलं, आणि आमचे काका त्याच इमारतींकडे बोट करून "मी" म्हणायचे. मला दोन्ही खरं वाटतं.

हिशेबनीस यांच्या मुद्द्याला माझ्याकडून दुजोरा. माझी एक मैत्रीण मोनॅकोत एका जुन्या घराण्याच्या भाड्याच्या इमारतीत राहायची. लिफ्ट बंद पडली तर दुपारच्या आत माणूस यायचा, कारण मालक त्याच गावात राहतो आणि त्याच रस्त्यावरून जातो. मी राहायचे त्या इमारतीत प्रत्येक सदनिकेचा मालक वेगळा आणि माझा तर तिसऱ्याच देशात. न्हाणीघराच्या छतातून सात महिने पाणी ठिबकत होतं. मी बादली ठेवायचे आणि रात्री तिच्या आवाजानं जाग यायची. तेव्हा मला फार वाटायचं, एकच मालक असता आणि तो इथेच असता तर त्याच्या दारात जाऊन उभी राहिले असते.

पडवी

दूरदेशी, गच्चीवरच्या काकांचा परिच्छेद वाचून डोळे भरले.

आडवाटेची

दूरदेशी, फार सुंदर लिहिलंत. तरी एक विचारते. मालक त्याच गावात असला म्हणजे त्याच्या दारात उभं राहता येतं, हे लिफ्टपुरतं ठीक. पण भाडं वाढलं किंवा अख्खी इमारत पाडायची ठरली, तर त्याच दारात उभं राहून काय होणार? अशा वेळी घरमालकही तोच, बांधणाराही तोच.

मोनॅकोचे स्वतःचे नागरिक साधारण साडेनऊ-दहा हजार, एकूण वस्ती ३८–३९ हजार. बाजारभावानं भाडं परवडणारे त्यात किती? म्हणून १ सप्टेंबर १९४७ च्या आधी बांधलेल्या घरांना कायद्याचं संरक्षण आहे, नागरिकांना आणि तिथे जुनी मुळं असलेल्यांना प्राधान्यानं ती मिळतात. यातली एक इमारत पडली की स्वस्त घरांची एक रांग गेली. नागरिकांसाठी सरकारला स्वतः इमारती बांधाव्या लागतात, त्या यामुळेच.

हिशेबनीस

हे बरोबर आहे आणि माझ्या प्रतिसादात राहून गेलं होतं. किल्लीचा जुडगा एकाच्या हातात असण्याची ही दुसरी बाजू.

काळापत्थर

आणि मतदानाचा मुद्दा. तिथल्या राष्ट्रीय परिषदेचे २४ सदस्य फक्त नागरिक निवडतात. इमारतीत राहणारे बहुतेक परदेशी, बांधणारे कामगार सीमेपलीकडचे. शेजारी मनोरा उठतोय आणि त्यावर हरकत घ्यायची, तर बहुतेकांकडे मतच नाही.

सांजवारा

यावरून आठवलं. व्हिक्तोर यांचे चिरंजीव पात्रिस पास्तोर यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कार्मेल-बाय-द-सी या गावात गेल्या काही वर्षांत बऱ्याच मालमत्ता घेतल्या आहेत. गाव समुद्राकाठचं, श्रीमंत, वस्ती तीन-साडेतीन हजारांची. दशकानुदशकं घरांना क्रमांकच नव्हते, घरं नावानं ओळखायची. फ्रँक लॉइड राइट यांनी तिथे खडकावर बांधलेलं दगडी घर २०२३ साली त्यांच्या कंपनीनं २ कोटी २० लाख डॉलरना घेतलं.

माझी बहीण त्या भागात असते. तिच्या म्हणण्याप्रमाणे गावात दोन तट आहेत. एकाच माणसानं एवढं का घ्यावं म्हणून एक घाबरलेला, जुन्या वास्तू कोणीतरी पैसे घालून नीट राखतोय म्हणून दुसरा खूश. पण तिथे दोन मजल्यांच्या इमारतीसाठीसुद्धा सुनावण्या, छपराचा उतार, झाडांची मोजणी, दगडाचा रंग, सगळ्यावर लोक बोलतात. घराणं तेच, पैसा तोच, आणि गती पूर्ण वेगळी.

नकाशे

सांजवारा, हे उदाहरण माझ्या बाजूनं घेतो. बांधणारा तोच असताना गाव वेगळं दिसत असेल, तर चेहरा नियम ठरवतात.

गच्चीवरून

की नियम शिथिल असतील तिथे घराणं चेहरा ठरवतं? दोन्ही बाजूंनी वाजतंय.

काळापत्थर

नव्या भरावाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मारेतेरा, ६ हेक्टर, डिसेंबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. आता नुसता दगड ओतत नाहीत. मार्सेयला काँक्रीटच्या १८ अवाढव्य पोकळ पेट्या ओतल्या, एकेक सुमारे १० हजार टनांची. त्या तरंगवत आणून तळावर एकमेकींना लागून बसवल्या, ती झाली समुद्रातली भिंत. मग आतल्या बाजूला वाळूचा भराव. काम सुरू करण्याआधी तळावरचं पोसिडोनिया हे समुद्रगवत मातीसकट उचलून दुसरीकडे लावलं. हे काम बुइग या फ्रेंच कंपनीकडे होतं. एवढी यंत्रं आणि एवढा पैसा एका गावातल्या घराण्याच्या आवाक्यातला नाही. मुकादमाच्या डोक्यातल्या नकाशाचे दिवस तिथेही सरत आलेत. मला याचं वाईट वाटतं. त्या मुकादमांकडून मी जे शिकलो ते कॉलेजात शिकलो नाही.

शिंपला

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत थोडं हललंय. रूळ राजानं हलवले, टंचाई इतिहासानं दिली, सेंटरिंग गच्चीवरच्या काकांनी केली. तरी हिशेबनीस म्हणाले ते मला घराण्याचंच वाटतं. न विकणं हा निर्णय दुसऱ्या कोणी त्यांच्यासाठी घेतला नव्हता, आणि त्या रस्त्यावरची इमारतींची ओळ आज एवढी अखंड दिसते ती बऱ्याच अंशी त्यामुळे. बरं की वाईट, याचं उत्तर आडवाटेची यांच्या प्रश्नावर अडलंय, आणि ते मला अजून सापडत नाही.

सप्टेंबरमध्ये पुन्हा जायचा योग आहे. या वेळी इमारती नीट बघायच्या आहेत. दूरदेशी, कुठल्या वेळेला जाऊ?

दूरदेशी

सकाळी जा. ऊन समुद्राकडून येतं आणि त्या रस्त्यावरच्या इमारती समोरून पूर्ण उजळतात, सगळे सज्जे मोजता येतात. स्थानकातून सार्वजनिक लिफ्टनं खाली-वर करा, फुकट आहेत. पण तळमजला कुठला असं कोणाला विचारू नका, कुठल्या रस्त्याचा तळमजला असं विचारा. खालच्या रस्त्यानं आत शिरलात की सातव्या मजल्यावर वरच्या रस्त्याचं दार उघडतं.

आणि शक्य झालं तर इटलीतल्या व्हेंतिमिलियाकडून येणारी पहाटेची गाडी धरा. बसायला जागा मिळणार नाही. डबाभर इटालियन कामगार असतात, बुटांना कालचं सिमेंट लागलेलं, मांडीवर डबे. मोनॅको आलं की सगळे एकदम उठतात.